फोकस कोणी ठरवावा?

कॅमेऱ्याचा फोकस यंत्रावर सोपवावा की आपल्या हाताने साधावा, हा प्रश्न वरवर पाहता छायाचित्रकारांच्या घरातला आहे. जुने जाणते हाताचा आग्रह धरतात, तरुण मंडळी त्यावर हसतात, आणि ज्याला त्यातले काही कळत नाही तो खिशातला मोबाइल काढून फोटो घेतो व पुढे जातो. त्या मोबाइलने फोकस नेमका कोठे धरला असे त्याला विचारले, तर तो आपल्याकडेच चमत्कारिक नजरेने पाहील. चेहरा नीट आला ना, मग झाले! वैचारिक व ललित लेखनाच्या पानांवर असला तांत्रिक विषय कशाला, असेही कोणी म्हणेल. तथापि या प्रश्नाच्या पोटात एक नैतिक गाठ आहे असे आम्हाला दीर्घकाळ वाटत आले आहे, आणि ती दिसते तितकी सैल नाही.

भिंगाचा एक साधा नियम आहे. ते एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू पूर्णपणे रेखीव दाखवू शकते. तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे सारे कमीअधिक धूसर होत जाते. ही धूसरता किती, हे भिंगाचे नाभीय अंतर, त्याचे छिद्र आणि समोरची वस्तू किती जवळ आहे यांवर अवलंबून असते. ८५ मिलिमीटरची लेन्स, छिद्र १.८ इतके उघडलेले आणि माणूस दीड मीटरवर बसलेला, असे असेल तर रेखीवपणाचा पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीचा असतो. त्यात जवळचा डोळा बसतो; कान बसत नाही. एकाला स्पष्ट करायचे तर दुसऱ्याला धूसर होऊ द्यावे लागते, त्याला इलाज नाही. प्रत्येक छायाचित्रात अशी एक संमती दडलेली असते. प्रश्न इतकाच, की त्या संमतीवर सही कोणाची?

पूर्वी ती सही बोटांची असे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून लेन्सवरचे कडे फिरवायचे. मध्यभागी दुभंगलेली प्रतिमा सांधली गेली की अंतर जुळले. १९७७ साली जपानच्या कोनिका कंपनीने सी-३५ एएफ हा कॅमेरा बाजारात आणला आणि सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती प्रथमच स्वतःहून फोकस करणारे यंत्र आले. त्यातली योजना अमेरिकेच्या हनीवेल कंपनीची होती: दोन लहान खिडक्यांतून आलेल्या प्रतिमांची तुलना करून अंतर ताडायचे. पुढल्याच वर्षी पोलरॉइडने वटवाघळाची युक्ती उचलली. त्यांचा कॅमेरा ध्वनिलहरी सोडून अंतर मोजी. अंधारात तो उत्तम चाले. परंतु खिडकीच्या काचेपलीकडचे दृश्य टिपायला गेले की लहरी काचेवरूनच परत येत आणि कॅमेरा काचेवर फोकस धरून मोकळा होई. १९८५ मध्ये मिनोल्टाच्या ७००० या कॅमेऱ्याने लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांतही ही सोय रुजवली. त्यावरून हनीवेल व मिनोल्टा यांच्यात पेटंटचा दावा उभा राहिला आणि १९९२ मध्ये मिनोल्टाने १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तो मिटवला. बोटे जे काम फुकट करीत होती त्याची किंमत एवढी असावी, याची गंमत वाटते.

यंत्राला अंतर मोजता येते, हे खरे. परंतु कोणाचे अंतर मोजायचे, हे त्याला आधी कोणीतरी सांगून ठेवावे लागते. आरंभीच्या कॅमेऱ्यांना एकच गोष्ट सांगितलेली असे: चौकटीच्या मध्यभागी जे असेल ते. पाहुण्यांनी हौसेने काढलेल्या त्या काळच्या लग्नाच्या फोटोंत याचे पुरावे आजही सापडतील. वधूवर शेजारी शेजारी बसलेले, दोघांच्या मस्तकांमध्ये वीतभर मोकळी जागा. कॅमेऱ्याने नेमकी तीच फट हेरली आणि मागचा पडदा असा रेखीव टिपला की त्याच्या चुण्या मोजून घ्याव्यात. नवदांपत्य मात्र धुक्यात! बटण अर्धे दाबून ठेवायचे आणि मग चौकट सरकवायची, ही युक्ती माहितीपुस्तकात दिलेली असे. माहितीपुस्तक कपाटात असे.

आजचे कॅमेरे असे भोळे राहिलेले नाहीत. २००५ च्या सुमारास चेहरा ओळखून त्यावर फोकस धरणारे कॅमेरे आले. आता यंत्र डोळा शोधते, पक्षी शोधते, धावती मोटार आणि रेल्वेगाडीही शोधते. असंख्य छायाचित्रे दाखवून त्याला हे शिकवलेले असते. त्याने शिकलेले असते ते एवढेच, की बहुसंख्य लोकांना बहुतेक वेळा काय स्पष्ट हवे असते. हे सरासरीचे शहाणपण आहे, आणि सरासरीचे शहाणपण पुष्कळदा उपयोगी पडते हे मान्य केले पाहिजे. पण एखाद्या सणाच्या जेवणावळीचे छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. पुढे यजमान हसतमुखाने कॅमेऱ्याकडे पाहत उभे आहेत. त्यांच्या मागे, चार हातांवर, एक बाई वाकून पंगतीत वाढते आहे. यंत्र कोणाला निवडील? जो चेहरा जवळ आहे, मोठा आहे आणि आपल्याकडे पाहतो आहे, त्यालाच. कामात वाकलेले माणूस कॅमेऱ्याकडे पाहत नसते. त्याची पाठ दिसते, किंवा कपाळावर आलेले केस दिसतात. त्याला निवडायचे तर यंत्राचा कौल मोडावा लागतो, आणि कौल मोडायचा तर तो कौल होता हे आधी लक्षात यावे लागते. बहुधा ते येत नाही. फोटो चांगला आलेला असतो.

यंत्रात जे आधी सांगून ठेवलेले असते ते निरपेक्ष असते असा आपला समज आहे. छायाचित्रणाचा इतिहास त्याला पुष्टी देत नाही. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीचे नमुनाचित्र पाठवीत असे. तिची कांती ठीक आली की यंत्र ठीक. सावळी माणसे त्या मापाने छापली जात आणि काळवंडत. पुढे फिल्ममध्ये सुधारणा झाली, तिला चॉकलेट बनवणाऱ्यांच्या आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारी कारणीभूत होत्या, असे कोडॅकमधील जुन्या माणसांनीच नंतर सांगितले आहे. माणसांच्या चेहऱ्यांआधी शिसवी कपाटाची दाद लागली! अलीकडचे उदाहरण फोकसचे नव्हे, पण त्याच कुळातले आहे. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनित गेब्रू या संशोधिकांनी चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण अधिकात अधिक ०.८ टक्के होते. काळ्यासावळ्या स्त्रियांबाबत एका प्रणालीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. यंत्र द्वेष करीत नाही. त्याला ज्यांनी शिकवले त्यांच्या डोळ्यांसमोर जे चेहरे होते, तेवढेच ते जाणते.

याच प्रश्नाला एका स्त्रीने यंत्र यायच्या शंभर वर्षे आधी हात घातला होता. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन १८१५ साली कोलकात्यात जन्मली. तिचे पती चार्ल्स हे मेकॉलेच्या विधी आयोगाचे सदस्य होते; म्हणजे ज्या दंडसंहितेचा अंमल आपल्यावर २०२४ पर्यंत होता तिच्या पहिल्या मसुद्याशी या घराचा संबंध. १८६३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्लंडमध्ये असताना तिला मुलीने व जावयाने एक कॅमेरा भेट दिला. कोंबड्यांच्या खुराड्याचा तिने स्टुडिओ केला, कोळशाच्या खोलीत काचा धुतल्या, आणि टेनिसन, डार्विन, हर्शेल यांच्यापासून घरातल्या मोलकरणींपर्यंत सर्वांना समोर बसवले. तिची चित्रे मऊ, काहीशी विरघळलेली असत. छायाचित्रकारांच्या संस्थांतून टीका झाली की या बाईंना धड फोकसही करता येत नाही. १८६४ च्या शेवटच्या दिवशी तिने शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांना जे पत्र लिहिले, त्यात तिने उलट विचारले की फोकस म्हणजे तरी काय, आणि अमुकच फोकस खरा असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? पुढे आपल्या आठवणींतही तिने सांगून ठेवले की फोकस साधत असताना डोळ्यांना जे सुंदर दिसे, तेथेच ती थांबत असे. इतर सर्व ज्या काटेकोर बिंदूचा आग्रह धरतात तेथपर्यंत ती स्क्रू फिरवत नसे.

या थांबण्यात सारा मुद्दा आहे, असे आम्हाला वाटते. हाताने कडे फिरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून चित्राच्या सर्व अवस्था जातात. प्रथम काही रंगांचे डाग, मग माणसाचा आकार, मग मागची भिंत स्पष्ट होते आणि माणूस बुडतो, मग पुन्हा माणूस वर येतो, त्याचे डोळे येतात, आणि बोट थोडे पुढे गेले तर डोळे जाऊन गुडघ्यावर ठेवलेला हात येतो. त्या हाताला भेगा असतात. मनात नसताना तो हात दिसलेला असतो. पहिला विचार चेहऱ्याचा होता. परंतु वाटेत हात भेटला, आणि आता विचार बदलू शकतो. स्वयंचलित फोकसला वाट नसते. त्याला मुक्कामच माहीत असतो, आणि तो डोळ्याचे पाते लवण्याआधी गाठतो. म्हणून ‘यंत्राने आमचा निवडीचा अधिकार हिरावला’ ही तक्रार आम्हाला पटत नाही. अधिकार शाबूत आहे. बिंदू कोठेही सरकवता येतो. गेले आहे ते निराळेच. इतर काय काय निवडता आले असते हे जिच्या ओघात दिसत असे, ती मधली वेळ गेली आहे. श्रम यंत्राला द्यावेत आणि निर्णय आपल्याकडे ठेवावा, हे बोलायला सोपे आहे. परंतु कित्येकदा निर्णय त्या श्रमातच घडत असतो.

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल हिने अवधान या गुणाचा जितका खोल विचार केला तितका गेल्या शतकात फार थोड्यांनी केला असेल. १९४२ मध्ये तिने फादर पेरँ या डॉमिनिकन धर्मगुरूंसाठी शालेय अभ्यासावर एक निबंध लिहिला. भूमितीचे उदाहरण सुटले नाही तरी त्यासाठी खर्च झालेले अवधान वाया जात नाही, असे ती म्हणते. आणि भुवया आक्रसून, स्नायू ताणून बसणे म्हणजे अवधान नव्हे, हेही बजावते. तिच्या मते ते एक रिकामेपण आहे, वाट पाहणे आहे. समोरच्या दुःखिताला काय सोसावे लागते आहे हे विचारण्याची पात्रता त्यातूनच येते. हीच बाई १९३४-३५ मध्ये पॅरिसच्या कारखान्यांत यंत्रांवर मजुरी करून आली होती, आणि कामाचा वेग माणसाच्या विचाराला कसा उभाच राहू देत नाही हे तिने अंगावर घेतले होते. सेकंदाला वीस छायाचित्रे घेणारा कॅमेरा हाती आला की तिची आठवण होते. वीसही रेखीव असतात. ती घेताना पाहिलेले मात्र काहीच नसते. पाहण्याचे काम घरी जाऊन निवडण्यावर ढकललेले असते.

परंतु येथे थांबलो तर आम्ही अर्धेच बोललो असे होईल. सावकाशपणाची किंमत कोण देतो, हाही प्रश्न विचारला पाहिजे. कॅमेरॉनबाईंच्या समोर बसणाऱ्याला कित्येक मिनिटे निश्चल राहावे लागे. त्यांच्या घरातली मेरी हिलियर ही मोलकरीण मरियामातेच्या वेशात इतक्या वेळा बसवली गेली की गावात तिला मेरी मॅडोना म्हणू लागले. चित्रे अप्रतिम आहेत. पण मालकिणीने बैस म्हटले तर मोलकरीण उठणार कशी? आमच्याकडेही पाहा: डोक्यावर ओझे घेतलेल्या बाईला उन्हात उभे करून, ‘जरा थांबा मावशी, हलू नका’ म्हणत कडे फिरवणारा कलावंत आपल्या अवधानाचे मोल तिच्या मानेकडून वसूल करीत असतो. अशा वेळी क्षणात फोकस धरून तिला मोकळे करणारे यंत्र त्या कलावंतापेक्षा दयाळू आहे. आकाशात झेपावणारी घार टिपणारे, मैदानावरचा खेळ टिपणारे, थरथरत्या हातांचे वृद्ध, अधू दृष्टीचे हौशी या सर्वांवर या शोधाचे उपकार आहेत, आणि हाताने फोकस करण्याच्या बढाईत पुष्कळदा दुसऱ्याला हे जमत नाही याचाच आनंद अधिक असतो.

होमाई व्यारावाला यांचे उदाहरण या संदर्भात मनात येते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आणि जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्पीड ग्राफिक आणि रोलाइफ्लेक्स यांसारखे हाताने फोकस करायचे कॅमेरे घेऊन त्यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागची दिल्ली टिपली. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा कायमचा ठेवून दिला. त्याचे कारण तंत्र नव्हते. नव्याने आलेल्या छायाचित्रकारांच्या वागण्यातली मर्यादा सुटली, हे त्यांना सहन होईना. तेव्हा स्वयंचलित फोकस जन्मालाही आलेला नव्हता. हाताने कडे फिरवणारेच ते लोक होते. म्हणजे नुसत्या हाताने सभ्यता येत नाही.

एक तिसरी वाटही आहे, आणि ती फारशी चर्चिली जात नाही. न्यूयॉर्कच्या रात्रींतले खून आणि आगी टिपणारा वीजी हा छायाचित्रकार आपला कॅमेरा १० फुटांवर आणि छिद्र १६ वर लावून ठेवी. प्रसंगी फोकस करायचाच नाही. माणसापासून १० फूट होईपर्यंत आपण चालत जायचे. रस्त्यावर काम करणारे पुष्कळजण असेच करतात. २८ मिलिमीटरची लेन्स, छिद्र ८, अंतर सुमारे सव्वातीन मीटर, एवढे केले की दीड-पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. येथे निर्णय आहे, पण तो आधीच घेतलेला आहे: मी लोकांच्या किती जवळ जाईन. रोखावरच्या सहीसारखे ते पाऊल असते, ज्याला मागे फिरता येत नाही. वीजीच्या १० फुटांवर कित्येकदा प्रेत असे, आणि प्रेताचे नातेवाईक. इतक्या जवळ जावे का, हे त्याला कॅमेरा सांगत नव्हता. त्याचे उत्तर आम्हाला प्रत्येक वेळी पटते असे नाही. पण ते त्याचे स्वतःचे उत्तर होते.

याच्या अगदी उलट टोकाचा एक प्रयोग २०१२ मध्ये बाजारात आला. लायट्रो नावाच्या कंपनीचा कॅमेरा प्रकाशकिरणांची दिशाही नोंदवून ठेवीत असे, त्यामुळे फोकस कोठे असावा हे छायाचित्र काढून झाल्यावर, घरी बसून, हवे तेव्हा आणि हवे तितक्या वेळा बदलता येई. निवडीचे ओझेच उरले नाही! २०१८ मध्ये कंपनी बंद पडली. चित्रांचा आकार लहान, किंमत जास्त, अशी व्यावहारिक कारणे होतीच. पण समजा ती नसती, तर? यजमानही स्पष्ट, वाढणारी बाईही स्पष्ट, बोट टेकवाल तो स्पष्ट. हा न्याय आहे असे प्रथम वाटते. मग लक्षात येते की त्या चित्रात वाढणाऱ्या बाईकडे कोणी पाहिलेलेच नाही. तिच्याकडे पाहण्याची केवळ सोय करून ठेवली आहे.

हाताचा अभिमान बाळगणाऱ्यांना शरीरही एक गोष्ट शिकवते. आपला डोळा मुळात स्वयंचलितच आहे. बुबुळामागचे भिंग फुगवणारे-ताणणारे स्नायू आपल्याला न विचारता काम करतात. लहान मूल सात-आठ सेंटिमीटरवरची मुंगी स्पष्ट पाहते. पुढे भिंग ताठर होत जाते, आणि चाळिशी लागली की वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते. त्यापुढे मोतीबिंदू. शस्त्रक्रियेत जुने भिंग काढून त्या जागी नवे बसवतात, आणि नेहमीच्या साध्या कृत्रिम भिंगाचा फोकस एकाच अंतरावर कायमचा ठरलेला असतो. लांबचे चष्म्याशिवाय दिसावे की जवळचे, हे आधी ठरवावे लागते. बहुतेक वेळा लांबचे ठरवतात. रस्ता दिसावा, बसचा क्रमांक दिसावा, आणि वाचायला चष्मा घ्यावा. हे सरासरीचे शहाणपण आहे, आणि बहुतेकांना ते मानवते.

एका नेत्ररुग्णालयाच्या बाकावर बसलेलो असताना दार उघडे असल्याने आतले बोलणे आमच्या कानी पडले. डॉक्टरांनी विचारले, “आजींना लांबचं नीट दिसायला हवं की जवळचं?” मुलगा तत्परतेने म्हणाला, “लांबचंच टाका डॉक्टर, सगळे तेच टाकतात.” डॉक्टरांनी कागदावर लेखणी टेकवली. तेवढ्यात आजी म्हणाल्या, “मला तांदूळ निवडायचे असतात हो.”